खंडू, तपकीर आणि शिवसागरातले सहा दिवस

आमच्या घरात दोन जनावरं आहेत. खंडू हा कुत्रा. पालच्या खंडोबाच्या यात्रेत, भंडाऱ्यात माखलेलं पिल्लू माझ्या पायाशी येऊन बसलं ते उठलंच नाही, म्हणून खंडू. आणि तपकीर ही मांजर. रंग अगदी डबीतल्या तपकिरीचा. ही दोघं आल्यापासून आम्ही नवरा-बायको एकत्र कुठे गेलोच नव्हतो. एकदा खंडूला चार दिवस एका ठिकाणी सांभाळायला ठेवलं, तर परत आणताना त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. त्या दिवशी ठरवलं, आता जायचं तर चौघांनी.

हे नौदलात पंचवीस वर्षं होते. शीड बांधायचा हात अजून सुटलेला नाही. निवृत्तीनंतर मुंबईहून अठरा फुटी जुनी फायबरची होडी आणली, अंगणात ठेवून दोन वर्षं दुरुस्त केली आणि तिचं नाव ठेवलं ‘टिटवी’. एक डोलकाठी, दोन शिडं, दोन वल्ही, अडचणीसाठी बॅटरीवर चालणारी छोटी मोटर. रात्री शिडाच्या आडव्या दांड्यावर ताडपत्री टाकली की खाली दोन माणसं झोपतील एवढी जागा होते. समुद्र आम्हाला लांब, पण साताऱ्याच्या माणसाला शिवसागर आहे. कोयना धरणाचं पाणी उत्तरेला थेट तापोळ्यापर्यंत पसरलेलं, दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये गोडं पाणी.

परवानग्यांना वेळ लागला, तो विषय इथे नको. मात्र एवढं लक्षात ठेवा: जलाशय जलसंपदा विभागाचा आहे आणि पश्चिमेचा काठ कोयना अभयारण्याचा, जो 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही येतो. स्वतःची होडी न विचारता पाण्यात घालू नका, आणि दक्षिणेला धरणाच्या बाजूला तर मुळीच जाऊ नका. नुसता जलविहार करायचा असेल तर तापोळ्याच्या आणि बामणोलीच्या बोट क्लबच्या लाँच पुरेशा आहेत.

पहिला दिवस: तापोळा

डिसेंबरचा पहिला आठवडा. मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर करत जीपमागे होडी ओढत दुपारी तापोळ्याला पोचलो. इथे गाड्या पलीकडे नेणारा बार्ज आहे, त्याच्यासाठी केलेल्या उतारावरूनच टिटवी पाण्यात सोडली. बार्जवरच्या मुलांनी न सांगता हात लावला. खंडूला नारिंगी लाईफ जॅकेट घातलेलं पाहून त्यांतला एक म्हणाला, “काकू, ह्यो बी पावना हाय व्हय?” तपकीर पिंजऱ्यातून सगळं बघत होती.

लोक विचारतात, मांजर होडीत राहते कशी? महिनाभर आधीपासून टिटवी अंगणात असतानाच दोघांची ताटं आम्ही होडीत ठेवत होतो. पहिले चार दिवस तपकीर उडी मारून यायची, खायची आणि पळायची. पंधराव्या दिवशी ती नाळेतल्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकातल्या, दोरांच्या वेटोळ्यात झोपायला लागली. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांनी हे आधी करावं, बाकी सगळं नंतर. होडी हे जनावराला घर वाटलं पाहिजे, मग खालचं पाणी हलतंय याचं त्याला फारसं काही वाटत नाही.

शी-शूची सोय हा दुसरा प्रश्न. तपकिरीसाठी लाकडाच्या भुशाचा डबा, स्क्रूने फळीला पक्का केलेला. खंडूसाठी काथ्याचं पायपुसणं. घरच्या बागेत त्याला त्याच पायपुसण्यावर जायची सवय लावली होती. सगळी घाण झाकणाच्या बादलीत भरून आम्ही साताऱ्याला परत आणली. काठावरच्या वाड्या हेच पाणी पितात. त्यात काहीही टाकायचं नाही, हा एक नियम आम्ही सहा दिवस मोडला नाही.

रात्र काठापासून पन्नासेक हातांवर नांगर टाकून काढली. हवा इतकी गार की तपकीर गोधडीत शिरली आणि खंडू माझ्या पायांवर. पहाटे ताडपत्रीच्या आतल्या बाजूने दव ठिबकायला लागलं. गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, आणि ताडपत्रीला दोन्ही टोकांना वारा जायला जागा ठेवा.

दुसरा दिवस: डोंगरातला वारा

सकाळी पाणी दिसतच नव्हतं. पाण्यावरून वाफ उठत होती आणि तिच्यात टिटवी अधांतरी ठेवल्यासारखी. कुठल्या तरी वाडीत कोंबडा आरवला, लाकूड फोडल्याचा आवाज आला. माणूस एकही दिसेना. चहा झाला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झाली, तरी वारा नाही. हे म्हणाले, “अकरापर्यंत थांब.” खरोखरच अकराच्या सुमारास धुकं फाटलं, पाण्यावर सुरकुत्या पडल्या आणि आम्ही शीड चढवलं.

शिडाची होडी चालू लागते तेव्हा आवाज होत नाही, हेच खंडूला पटेना. त्याने आधी मागे पाहिलं, मग वर शिडाकडे, मग माझ्याकडे. थोड्या वेळाने नाळेत पुढचे पाय टाकून बसला, कान मागे उडत होते. तापोळ्याच्या आसपास सोळशी आणि कांदाटी या दोन नद्या कोयनेला मिळतात, त्यामुळे पाण्याला फाटे फुटत जातात. नकाशात साधी वाटणारी वाट प्रत्यक्षात डोंगराच्या प्रत्येक सोंडेमागे नवं तोंड उघडते. शाळेत मी वर्षानुवर्षं शिकवलं की कोयना महाबळेश्वरहून निघून दक्षिणेला वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. त्या दक्षिणेच्या रेघेवरून स्वतः सरकताना मला माझ्या वर्गातला फळा आठवत होता.

दुपारी दोनला चूक झाली. एका सोंडेला वळसा घालताना शिडाचा दोर ह्यांनी खुंटीला अडकवून ठेवला आणि डबा उघडायला वाकले. बाजूच्या खिंडीतून वाऱ्याचा असा झोत आला की टिटवी एका अंगावर झोपली. स्टोव्ह, पातेलं, तांदळाचा डबा सगळं खालच्या बाजूला. ह्यांनी दोर सुटा केला, होडी सरळ झाली, आणि पाहते तो खंडू पाण्यात. डोळे एवढाले झालेले, पण जॅकेटमुळे डोकं वर. जॅकेटच्या पाठीवर धरायला पट्टा असतो. त्याला धरून मी त्याला आत ओढलं ते कसं, आता सांगता येणार नाही. वीस किलोचा ओला कुत्रा आहे तो. तपकीर डोलकाठीच्या बुडाशी चारी पंजे रोवून बसली होती, तिचा पट्टा तिथेच बांधला होता.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “समुद्रावर वारा लांबून दिसतो. हा डोंगराचा वारा आहे, सांगून येत नाही. दोर हातातच ठेवायला हवा होता.” पुढचे चार दिवस तो दोर एकदाही खुंटीला गेला नाही. डोंगरांनी वेढलेल्या पाण्यावर जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. आणि कुत्रा कितीही चांगला पोहत असला तरी त्याला जॅकेट हवंच. उंच कडेवरून त्याला स्वतःला आत येता येत नाही. मांजरासाठी आम्ही मागच्या बाजूला काथ्याचा जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवला होता. नख्या रोवून ती त्यावरून वर येऊ शकते. घरी पिंपात दोर सोडून दोनदा शिकवलं होतं, दोन्ही वेळा तिने माझ्याशी दिवसभर अबोला धरला होता.

संध्याकाळी वारा पडल्यावर हे पाण्याकडे बघत म्हणाले, “यातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे जातं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. उरलेलं कराडला कृष्णेत, तिथून बंगालच्या उपसागराला. एकाच तळ्यातलं पाणी दोन समुद्रांना.” खंडू तोपर्यंत टॉवेलमध्ये गुंडाळून झोपला होता.

तिसरा दिवस: बामणोली

लाँच हे अंतर साधारण तासाभरात कापते, आम्हाला दीड दिवस लागला. बामणोलीला धक्क्यापासून बाजूला राहिलो, कारण लाँचच्या लाटांनी होडी दगडांवर आपटते. गावातल्या कुत्र्यांनी खंडूला काठावर उतरूच दिलं नाही, ते त्यांच्या जागी बरोबर होते. एका मच्छीमाराकडून ताजा रोहू घेतला. हळद-मिठात उकडून, काटे काढून अर्धा तपकिरीला, उरलेला आम्हाला. गोचीड तपासायचं काम रोज संध्याकाळचं. काठाचं गवत दाट आहे. रेबीजच्या लशीची पुस्तिकाही सोबत ठेवा.

चौथा दिवस: वासोटा, अर्ध्या कुटुंबासह

वासोट्याला जायचं हे माझं वीस वर्षांचं स्वप्न. पण किल्ला अभयारण्यात आहे, कुत्र्याला तिथे पाय ठेवायची परवानगी नाही, आणि ती नाही हे योग्यच आहे. पाळीव कुत्र्यांचे रोग जंगली जनावरांना लागतात. तेव्हा ह्यांनी दोघांना घेऊन टिटवीवर थांबायचं आणि मी कराडहून आलेल्या मुला-मुलींच्या लाँचमध्ये जायचं असं ठरलं. “मॅडम, या की आमच्यात,” म्हणून त्यांनीच जागा केली.

सकाळी लवकर बामणोलीतून वनखात्याची परवानगी घ्यायची, ओळखपत्र लागतं. पायथ्याशी उतरल्यावर पिशव्या तपासून प्लास्टिक मोजतात, परत येताना तेवढं दाखवावं लागतं. पायथ्याला ओढ्याजवळ मारुती आहे, तिथून दाट रान. डिसेंबरातही ऊन जमिनीवर पोचत नाही. दोन ठिकाणी गव्यांच्या खुरांचे ताजे ठसे दिसले. मला वर पोचायला अडीच तास लागले, मुलांना निम्मे.

वर बिनछपराचा मारुती, पाण्याचं टाकं, चुन्याची घाणी. बाबूकड्यावर उभं राहिलं की समोर जुना वासोटा आणि खाली एकदम कोकण. पंत प्रतिनिधींच्या ताई तेलिणीने हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेशी लढवला, पेशवाईच्या शेवटी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इथेच अटकेत ठेवलं होतं. मी ते सगळं मुलांना सांगत होते, ती ऐकतही होती. पण माझी नजर सारखी मागे, पूर्वेच्या पाण्याकडे. त्या निळ्या पट्टीत कुठेतरी एक पांढरा ठिपका असणार. इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी शोधत राहिले.

संध्याकाळी लाँच धक्क्याला लागायच्या आत खंडूचं भुंकणं ऐकू आलं. ह्यांनी सांगितलं, दिवसभर त्याने काही खाल्लं नाही, लाँच ज्या दिशेला गेली तिकडे तोंड करून बसला होता. मी त्याला भाकरी-अंडं भरवलं तेव्हा खाल्लं. वासोटा पाहिला याचा आनंद खरा आहे, पण पुन्हा असं अर्धं-अर्धं जायची माझी इच्छा नाही.

धक्क्यावर गोंगाट होता म्हणून अंधार पडायच्या आत मोटरवर एका वाडीच्या काठाला गेलो. मी दमले होते, ह्यांनाही झोप आली होती. रोज रात्री काठापासून दूर नांगर टाकायचो, तो त्या दिवशी टाकला नाही. मागचा दोर काठावरच्या जांभळीला बांधला.

पाचवा दिवस: तपकीर

सकाळी सहाला तपकीर होडीत नव्हती.

दोर जांभळीपर्यंत ताणलेला होता. मांजराला तेवढी वाट पुरते. जावळीचं खोरं हे बिबट्याचं रान. रात्री काठावर कुत्रा बांधू नका असं आम्हाला तापोळ्यातच सांगितलं होतं, आणि पलीकडच्या डोंगरात भेकर, बिबट्याची चाहूल लागली की ओरडणारं ते हरीण, ओरडलेलं मी स्वतः ऐकलं होतं. माझे हातपाय गळून गेले. हे दोराकडे बघत उभे होते. मी एक शब्द बोलले नाही, कारण बोलायचं ते सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तासभर धुक्यात हाका मारल्या. मग खंडूला पट्ट्याने घेऊन वर निघाले. त्याने जांभळीचं बूड हुंगलं आणि मला ओढत पायवाटेने नेलं. दोन खाचरं, एक बांध, करवंदीच्या जाळ्या, आणि वर शेणाने सारवलेलं अंगण. दारात सत्तरीच्या एक आजी.

“ही व्हय तुमची?” माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं. “पहाटं दाराशी यिऊन वरडाया लागली. गळ्यात पट्टा बघून म्हनलं, कुनाची तरी लाडाची हाय.” आत चुलीच्या उबेला तपकीर पोटात पाय घेऊन झोपली होती. शेजारी वाटीत दूध संपलेलं.

मी खालीच बसले. आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “रडू नगं, पोरी. मांजरं ऊब हुडकत्यात. च्या ठेवते, मालकास्नी बी बोलीव.”

तो चहा दुपारच्या जेवणापर्यंत चालला. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, हिरव्या मिरचीचा खरडा. मुलगा-सून मुंबईला, मुलगा माथाडीत. वाडीत म्हातारी माणसंच जास्त, तरणी माणसं गणपतीला आणि यात्रेला येतात. आजींचं माहेर आणि सासर याच खोऱ्यातलं. अंगणातून पाण्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, “तुमची व्हडी हाय ना, तिच्या खाली आमचं खाचर. लई ग्वाड भात यायचा. मी बारकी हुते. पानी जसं वर आलं तसं बा नं घर वर आनलं, वासे खांद्यावर घिऊन.” कोयनेचं धरण पुरं झालं 1964 च्या सुमारास, 103 मीटर उंच, साठा सुमारे 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहायचे. खाचरावर किती भात पिकायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग भूकंपाचं निघालं. 11 डिसेंबर 1967, पहाट. “थंडीचं दिस, ह्येच. भुई बोलल्यागत आवाज आला. आईनं आमास्नी अंगनात वडलं. बा मातूर म्हागारी गेला, दावनीची जनावरं सोडाया. म्हस सुटली, बैल सुटलं, आन् मग भित पडली त्येच्या पायावर.” थोडा वेळ त्या चुलीतलं लाकूड सारत राहिल्या. “पाय अधू झाला जलमभर. लोक म्हनायचं, जनावरापायी पाय घालीवला. त्यो म्हनायचा, दाव्याला मीच बांधली हुती, मग सोडायची कुनी?”

हे उठून अंगणात गेले. मी खिडकीतून पाहिलं, खंडूच्या डोक्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत उभे होते.

त्या दिवशी पुढे जायचं होतं, गेलो नाही. ह्यांनी आजींच्या पन्हाळीचा पत्रा नीट बसवून दिला, मी त्यांच्या मुलाला फोन लावून दिला. रेंज बांधावर एका ठरावीक दगडापाशीच येते. साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे दिले. त्यांनी पायलीभर नाचणी बांधून दिली, नको म्हटलेलं चाललं नाही. निघताना तपकीर चुलीपासून उठेना, तिला उचलूनच आणावं लागलं. रात्री नांगर काठापासून दूर टाकला. ह्यांनी दोनदा उठून तो ओढून पाहिला.

सहावा दिवस: परत

सकाळी वारा दक्षिणेकडून, आमच्या पाठीवर. अशा वाऱ्यात शीड पुरतं बाहेर सोडलं की होडी फारशी झुकत नाही. खंडू नाळेत, तपकीर माझ्या मांडीवर, भाजलेल्या शेंगा मधोमध. वाटेत एक लाँच शेजारून गेली. चालवणाऱ्याने वेग कमी केला, लाट लागू नये म्हणून, आणि ओरडून काहीतरी विचारलं. मोटरच्या आवाजात कळलं नाही, ह्यांनी नुसता हात केला.

डिसेंबरात जाणार असाल तर दुपारी चारनंतर नवी खेप धरू नका, सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि वारा एकदम पडतो. आम्हाला शेवटचा टप्पा वल्हवावा लागला.

तापोळ्याच्या उतारावर बार्ज लागलेला होता. परवाचाच मुलगा गुडघाभर पाण्यात आला आणि टिटवीची नाळ धरली. होडीत वाकून त्याने आधी दोरांच्या वेटोळ्यात पाहिलं, मग माझ्या शालीत.

“घावली न्हवं मांजर?” तो म्हणाला. “काल लाँचवाल्यांनी सांगितलं, बामणोलीकडं मास्तरीणबाईंची मांजर हरवलीया. समदी इचारत हुती.”

शालीतून तपकिरीने डोकं बाहेर काढलं. त्याने वळून बार्जवर हाक दिली, “आली रं, आली!”